खिडकीचा गज

नाशिक, ता. ५-२-२६

चि. भागीस,
विठाआक्काचा आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

सगळ्यांच्या आधी विहारात आली ती शेजारची रोहिणी, नेसलेली अशी की जणू हळदीलाच निघाली. तिच्यामागून मी. फिजिओथेरपी कॉलेजच्या दोन पोरी आल्या होत्या, तृप्ती आणि उज्वला. कंबर दुखणाऱ्या बायांची तपासणी होती. पण आधी वजन, तेही अख्ख्या कॉलनीसमोर! मी काट्यावर चढले आणि पदराआडून खिडकीचा गज धरून अंग उचलून घेतलं. तृप्ती मान खाली घालून आकडा बघत होती. ब्याऐंशी किलोची बाई एकसष्टची झाली!

मग कुशीवर निजवून वरचा पाय उचलायला लावला नि त्यावर मशीन दाबून धरलं. कुल्ल्याच्या स्नायूचा जोर मोजतात म्हणे, आणि तो वजनाच्या मानाने धरतात. निकाल ऐक. कॉलनीत सगळ्यात जोरदार मीच! आजींना व्यायामाच्या वर्गाची गरज नाही म्हणाल्या. रोहिणी एवढी काटकुळी, पण तिला वर्ग लागला.

फोनवर हे बोलता येत नाही, सूनबाई संजनाचे कान तिखट. कंबर तेवढी दुखतेच आहे. माया आहे तशीच ठेव, वजन न करता.

तुझी आक्का


इगतपुरी, ता. १२-२-२६

ती. आक्कास,
भागीचा स. जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्रापायी हसता हसता भाकर करपली. पण आक्का, मागच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही त्रिरश्मी लेणीवर चढलो आणि तू पायथ्याशी पिशव्या राखत बसलीस. वर वंदना घेताना माझं सगळं चित्त खाली तुझ्यापाशी होतं. यंदा येते म्हणून शब्द दिलायस. तिथे पायरीपायरीला खिडकीचा गज कोण लावून देणार? खोट्या आकड्याने तुझाच वर्ग बुडवलास. जा, पोरींना खरं सांग. रागावल्या तर माझं नाव पुढे कर. खोडकर थोरलीवर जीव लावणारी,

भागी


नाशिक, ता. ९-४-२६

चि. भागीस,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सांगून टाकलं बाई. उज्वला रागवायच्या ऐवजी इतकी हसली की हातातली वही पडली. पुन्हा काट्यावर उभं केलं, खिडकीपासून लांब! तिने समजावलं की नुसता जोर पाहिला तर आजींचा रोहिणीपेक्षा जास्तच आहे. पण पायरी चढताना एका पायावर सगळं अंग त्याच स्नायूने तोलायचं. ब्याऐंशीला तो अपुरा पडतो आणि मग ताण कंबरेवर जातो. वजन उतरेल तेव्हा उतरेल, जोर आधी वाढवू म्हणाली.

तेव्हापासून रोज कुशीवर पाय उचलते. मोजायला संजना. लबाड इतकी, बारा झाले की दहा म्हणते! माझ्याकडूनच शिकली असणार. रोहिणी माझ्याशेजारीच सतरंजी टाकते. वजन दीडच किलो उतरलंय. पण काल पोरींसमोर विहाराच्या नऊ पायऱ्या कठड्याला हात न लावता चढले. कंबर कुरकुरली, पण थांबवलं नाही तिने.

पिशव्या राखायला यंदा दुसरं कुणी बघ. तुझ्या भाकरी करपू दे, माया करपू देऊ नको.

तुझी आक्का

ता. क. पोरी पुन्हा यायच्या आहेत, पण विहारात नाही. बुद्धपौर्णिमेला सकाळी सात वाजता, थेट लेणीच्या पायथ्याशी. शुक्रवार, एक मे.