बहीण मला जड नाही

आबा, तुम्ही असता तर हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती, म्हणून लिहितोय. परतूरला वकिलाच्या पत्र्याच्या खोलीत धाकटीची फारकत ठरली, तो दिवस. दोन्हीकडची राजीखुशी झालेली, फक्त पोटगीचं कलम राहिलेलं. ती तुमच्या मागे भिंतीला टेकून बसली आहे. जावयाचे वडील चुळबूळ करताहेत. आणि मी उठून म्हणतो, "लिहा, काहीच नको. माझी बहीण मला जड न्हाई." समोरच्यांनी माझे दोन्ही हात धरले. काय ताठा चढला होता मला! तुम्ही एवढंच म्हणालात, "तू कोण रे न्हाई म्हणणारा? तिला बोलू दे की." तुम्हाला मी चार लोकांत गप्प केलं. तिने खाली मान घालून सही केली. आणि वर्षाच्या आत तुम्ही गेलातच.

तुमच्यामागे दोन वर्षं ती घरात होती. मग भांड्याला भांडं लागायला लागलं, तेव्हा जुन्या जालन्यात मी तिला खोली बघून दिली. नुसती बघून दिली. भाडं तीच भरत आली, एका खानावळीत पोळ्या लाटून. सुगी झाली की मी ज्वारीचं एक पोतं तिच्याकडे टाकतो आणि बहीण सांभाळतो म्हणून गावभर मिरवतो.

आता तिचं उजवं मनगट गेलंय, लाटणं धरवत नाही. आता पोटगी मागता येईल का, असं तिने मला भीतभीत विचारलं. मी एकटाच वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, तेव्हा नको लिहिलं म्हणून दार कायमचं बंद होत नाही. तिने दुसरं लग्न केलेलं नाही; तिची आणि जावयाची कमाई, तिचं दुखणं, सगळं बघून कोर्ट ठरवील. "पण तिच्या सासरचे म्हणतील, भाऊ सांभाळतो. तेव्हा तुम्ही शपथेवर लिहून द्या, मी सांभाळत नाही." खरं तेवढंच लिहायचं होतं. पण हे गावात कळणार, या विचारानेच माझा हात मागे आला. सही न केलेला तो कागद माझ्याजवळच आहे. त्याच्याच पाठीवर हे लिहितोय.

परवा ज्वारी घेऊन गेलो. तिने डाव्या हाताने चहा केला. मी खोटं सांगितलं, वकील म्हणाले मुदत गेली. तिने पोत्यावर हात ठेवला.

"जाऊ दे भाऊ," ती म्हणाली, "तू हाईस ना."

मी हो म्हणालो, आबा.