चुकीचा रकाना

३ मार्च, सकाळी ८
आजपासून जहाजाचा क्रोनोमीटर माझ्या ताब्यात. रोज चावी द्यायची, रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ताडायचं, घड्याळ किती सेकंद पुढे गेलं ते वहीत लिहायचं. काट्यांना हात लावायचा नाही. डाव्या हातचा मळ! कॅप्टननी उपग्रहाच्या यंत्रावर टॉवेल टाकलाय. या सफरीत जहाज कुठे आहे ते काढायचं सूर्य, तारे आणि घड्याळावरून, बस्स. काम चोख झालं तर बढतीसाठी शिफारसपत्र. सासऱ्यांनी नातेवाइकांत आधीच डंका पिटलाय.

४ मार्च
दोन सेकंद पुढे. वहीत रकान्याचं नाव ‘चूक’. शेजारी माझी सही. पहिल्याच दिवशी? ० लिहिलं.

५ मार्च
चार. आधीच्या अधिकाऱ्याने पानंच्या पानं चुका लिहून ठेवल्यात. लाज नाही. ०.

९ मार्च
बारा. रेडिओच मागे पडत असणार. आचारी म्हणाला, साहेब, पळेना का घड्याळ, किती पळतं ते ठाऊक असलं की झालं. गाढवाला गुळाची चव काय! ०.

१४ मार्च
बावीस. संकल्प: आजपासून खरं लिहायचं. पण काल ० आणि आज एकदम २२? लोक काय म्हणतील? उद्यापासून रोज दोन-दोन वाढवत नेऊ.

१५ मार्च
कॅप्टननी वही चाळली. म्हणाले, असं घड्याळ तीस वर्षांत पाहिलं नाही. बायकोला लगेच कळवलं. आता २ लिहिणं म्हणजे कृतघ्नपणा. ०.

२२ मार्च, संध्याकाळी ६
अडतीस. चार सेकंदांना एक मैल चुकतो म्हणे. म्हणजे साडेनऊ मैल. एवढ्या मोठ्या समुद्रात साडेनऊ मैल म्हणजे काय? अर्ध्या तासात दीपगृहाचं बेट उजव्या हाताला दिसेल.

६.५०
डाव्या हाताला दिसलं. फार जवळ. नकाशा जुना असावा. कॅप्टननी स्वतः जहाज वळवलं आणि टॉवेल काढून फेकला. जहाजावर बावीस माणसं आहेत.

२३ मार्च
कॅप्टन ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, आज किती पुढे? चाळीस, म्हणालो. मग म्हणाले, शिफारसपत्र विसरा. क्रोनोमीटर आचाऱ्याकडे दिला. त्याने रकान्यात ४० लिहिलं, सही केली. कॅप्टननी त्याची पाठ थोपटली.
सही वाकडी होती. कोणी बघितलंसुद्धा नाही.