फोनो दहा दिवस बंद

माय,

तुला कागद लिहायचा म्हणजे खुळेपणाच हाय, मला कळतंय. असले लाड मला जमत न्हायत. चौथीत शाळा सुटली, अक्षरं वाकडी येतात. पण एक गोष्ट राहून गेलीय, ती लिहिते आन् मोकळी होते.

परंड्यातलं आपलं ते दोन खोल्यांचं घर. चुलीमागच्या भिंतीला लागून चाचांचं चहाचं हॉटेल. निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. कुर्डुवाडीची मोटार आली की चाचा फोनोला चावी द्यायचे आन् तवा, गाण्याची ती काळी तबकडी, लावायचे. बाईमाणसानं हॉटेलात बसायचं न्हाय, म्हणून तू भाकरी नेमक्या मोटारीच्या टायमाला थापायला घ्यायचीस. गाणी धा जणांची लागायची, तू जीव लावला तो एकाच गाणाऱ्या बाईला. तिचा फोटूबी कधी बघितला न्हाईस. ती गायला लागली की तुझे हात थांबायचे, भाकर करपायची, आन् बाबा ताटावर बसले की म्हणायचे, "आज बाई गायली वाटतं." आवाज नीट यावा म्हणून दिवळीच्या कोनाड्यातली माती उलथण्यानं उकरून तू भिंत पातळ केली होतीस. शेजारची मामी डिवचायची, "ती काय तुझी चुलत बहीण लागते व्हय गं?" तू म्हणायचीस, "चुलत कशाला? सख्खी हाय." मला राग यायचा. एका गाण्याचं एवढं काय?

तू अंथरूण धरलंस त्या हिवाळ्यात कंडक्टरनं बातमी आणली, बाईचा नवा तवा निघालाय, चाचांनी सोलापुराहून मागवलाय. खोकून खोकून तुझ्यात काय उरलं न्हवतं, तरी मोटारीचा हॉर्न वाजला की मला हाक. "जा गं, आला का बघ." पंधरा दिवस हेच. मी हॉटेलाच्या दारातूनच ओरडायचे, "चाचा, आला का?" चाचा हसायचे, "अम्मा को बोल, सबर करो बोलके."

तवा आला आन् त्याच सकाळी समोरचे म्हातारे सुतार वारले. गल्लीत कुणी गेलं की चाचा दहा दिवस फोनो लावायचे न्हाईत. हिंदू असो की मुसलमान. फोनोवर फडकं टाकलं की संपलं.

तिसऱ्या दिवशी माझा हात धरलास. "चाचांना म्हण, दार लावून एकदाच लावा. हळू. मला भिंतीतून येतंय ऐकू."

म्या हात झिडकारला. "समोर सुतारीण रडतीय आन् मी गाणं लावा म्हणू? जनाची लाज हाय का न्हाय?"

"आगं, म्हाताऱ्याला बी आवडायचं की गाणं."

"दहा दिवसांत काय पळून जातंय व्हय?"

जरा वेळानं परत तेच, "जा ना बाई." मी चपला घालून बाहेर पडले. हॉटेलाकडं गेलेच न्हाय. आडावर पोरींसंगं घटकाभर बसले, आन् येऊन सांगितलं, "चाचा न्हाय म्हणाले." तू भिंतीकडं तोंड केलंस.

आठव्या दिवशी तू गेलीस.

सुताराचा दहावा झाला, तरी फोनोवरचं फडकं निघालं न्हाय. चाचांनी तुझेबी दहा दिवस धरले. तुझ्या दहाव्याला घरी आले, बाबांजवळ टेकले, आन् मला म्हणाले, "अम्मा का तवा वैसाच है बेटी. सुई नहीं लगाया अब तक. पहले उनोच सुनना बोलके रखा था." मग म्हणाले, "एक बार बोलती तो मशीन घर को उठाके लाता था मैं. सुतारभाई का घर भी कुछ नहीं बोलता था." बाबांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनी नकार दिला असं तू त्यांनाबी सांगितलं होतंस. मरेपर्यंत ते त्यावर काय बोलले न्हाईत.

लोकलाजेचं म्या तुला उगं सांगितलं. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. तुझ्या खोकल्याचा, त्या बाईचा, रोज रोज आला का आला का. तेरा वर्षांची होते, असं म्हणून सुटता येईल. पण तेरा वर्षांच्या पोरीला तीस पावलं चालता येतात.

अकराव्या दिवशी चाचांनी तवा लावला. म्या घागर उचलली आन् आडावर गेले. पुढं ते गाणं रेडिओवर लागलं, लग्नात वाजलं, मोटारीत वाजलं. सुरू झालं की मी उठते. घरातले म्हणतात, म्हातारीला गाण्याचा तिटकारा. म्हणू देत.

हा कागद कुठं टाकायचा न्हाय. पिठाच्या डब्याखाली ठेवीन. पण कधी गाठ पडली आन् तू विचारलंस, कसं होतं गं नवं गाणं, तर मला सांगता यायचं न्हाय. पहिल्या ओळीपुढं म्या ते कधी ऐकलंच न्हाय.