फळ्यावरचं रंगीत पाणी

आबा, परवा मी वर्गात एक इंग्रजी क्रियापद शिकवलं आणि त्यावरून माझी नोकरी जायची वेळ आलीय. शब्द आहे इफ्यूज. आतलं बाहेर वाहणं, पण थेंब थेंब पाझरणं नव्हे, चांगलं भळाभळा. पुस्तकात उदाहरण होतं फुलाच्या सुगंधाचं. पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या पोरांना मी कसलं डोंबलाचं फूल दाखवू? मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, मिलमधून रंगीत पाणी बाहेर वाहतं. अख्ख्या वर्गाला शब्द तिथल्या तिथे कळला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, हमारी मोरी से भी! पप्पा नहाते हैं तब."

मग काय, मला आपली मोरी दिसायला लागली. तुम्ही डाइंगची, कापड रंगवायच्या खात्यातली पाळी संपवून येता, आई अंगावर तांब्या ओतते, गटारीत निळं पाणी उतरतं आणि शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडतात, "आज निया रंग शे वाटस!" तुम्हीही हसता. पण मी शाळेत शिकत होते आणि पालकसभेला यायचं ठरलं, तेव्हा तुम्ही हायड्रोने, मिलमधल्या त्या रंग उडवायच्या पावडरीने, हात घासले. रंग गेला, बरोबर कातडीही गेली. सभेत हात खिशात घालून बसलात. बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, मिलच्या पावडरीने भाजलेत. घरी आल्यावर केवढे भडकलात! "जठे भाकर भेटस, तठे थुकानं नही. मिलनी गोट मिलमा." मिलमधली गोष्ट बाहेर नेली खरी, पण मी खोटं कुठे बोलले होते, आबा? तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

आता मी शिकवते त्या शाळेच्या ट्रस्टींची स्वतःची डाइंग मिल आहे. मुख्याध्यापकांनी काल बोलावून गोड आवाजात सांगितलं, "बेन, आ वाक्य काढी नाखो. साहेबने नहीं गमे." साहेबांना, म्हणजे ट्रस्टींना, आवडणार नाही म्हणे. मी म्हटलं, व्याकरण चुकलंय का? नाही म्हणाले. अर्थ चुकलाय? तेही नाही. मग नाही काढणार. पोरांच्या वहीत उतरलंय ते, त्यांना मी काय खोडायला सांगू, बापाच्या अंगावरचा रंग? उद्या ट्रस्टींसमोर जायचंय. काढायचं तर मला काढा म्हणणार आहे. थुंकी नाही ही, आबा. जे रोज दारावरून वाहतं, त्याला वाहतं म्हणायचं, एवढंच मी शिकवलंय.

भाकरीचं तुमचं म्हणणं मला कळतं. माझंही घर ह्याच पगारावर चालतं. पण हायड्रोने हात घासून मी जाणार नाही. हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, ते बरंच आहे. कारण खरं सांगू? तुम्ही आज हयात असता, तर ते वाक्य लिहायची माझी छाती झाली नसती.