तेवाचं पाणी

प्रिय प्राची,

अनेक आशीर्वाद आणि जयजिनेंद्र.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई बरी आहे, माझा गुडघा होता तसाच आहे आणि म्हैस व्यायला झाली आहे. फोन करता आला असता, पण फोनवरचं आपलं बोलणं तुला माहीतच आहे. मी विचारतो, जेवलीस का. तू विचारतेस, आप्पा, गोळी घेतली का. मग दोघंही गप्प, आणि तुझी आई मागून म्हणते, "ठेवा आता, तिला कामं असत्याल." कागदावर निदान मधे कुणी बोलत नाही. उसाला तोड आली आहे, दिवसभर फडात उभा राहून अंग मोडून आलंय. तेव्हा अक्षर कसंही आलं तरी समजून घे.

आधी एक सांगतो. मी 'ध्रुवयान' ऐकतो. तू लिहायला लागलीस तेव्हापासूनचे सगळे भाग. शेजारच्या मल्हारनं मोबाइलवर लावून दिलं आणि तेव्हापासून तो बांधावर भेटला की विचारतो, "काय आप्पा, आज कुठल्या ग्रहावर मुक्काम?" मी म्हणतो, "हितंच गड्या, ऊस तुटंपर्यंत सुट्टी न्हाई." मालिका संपायचं नाव घेत नाही हे मात्र खरं. एक राजा मेला की त्याचा जुळा भाऊ निघतो, एक ग्रह फुटला की त्याच्या मागं लपलेला दुसरा दिसतो. कधीकधी ऐकता ऐकता मोटारीच्या खोलीत माझा डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा लढाई चालूच असते. पण भाग संपला की ती बाई म्हणते, "लेखन, प्राची." तेवढ्यासाठी मी शेवटपर्यंत थांबतो.

तुला आठवतं का, त्या गोष्टी तुला पहिल्यांदा मीच सांगितल्या होत्या. आमच्या शाळेच्या कपाटात 'ध्रुवयान'ची बारकी बारकी पुस्तकं होती. गुरुजी शनिवारी कपाट उघडायचे. त्यात झिरपी नावाचे लोक होते. हिरवट, ओल्या हातांचे, पाण्याखाली राहणारे, आणि दर पुस्तकात माणसांचे वैरी. त्यांच्यातली एकटी तेवा तेवढी माणसांच्या यानावर आलेली. यान चालवायची, कमी बोलायची. पण तिचे आईबाप कोण, ती घर सोडून का आली, हे एकाही पुस्तकात नव्हतं. मला त्याची लई काळजी वाटायची. माणसांच्या यानात ती खात काय असेल, असं मी गुरुजींना विचारलं होतं, तर अख्खा वर्ग हसला. पुढं तू लहान असताना विचारायचीस, "आप्पा, तेवाचं घर कुठाय?" आणि मी सांगायचो, आपल्या विहिरीच्या तळाला.

आता तू तिला घर दिलंस. आई दिलीस, बाप दिलास, गाव दिलंस. झिरपी लोक खाली बघून चालतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. जमिनीखालचं काही खात नाहीत. पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पीत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोबाइल बंद केला आणि थोडा वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिलो. इतक्या वर्षांचे ते हिरवे वैरी म्हणजे आपणच निघालो. तुझ्या आईला सांगितलं तर तिला वेगळीच चिंता. म्हणाली, "तितं तीन सूर्य हायत म्हणं. एक बुडला की दुसरा हायच. मग जेवायचं बंद कवा करायचं?" हे मी आपल्या बस्तीच्या देवळात उपाध्यांना विचारलं. ते मूर्तीला गंध लावत होते. मागं न बघता म्हणाले, "तुझ्या पोरीलाच इचार की. आता शास्त्र तीच लिवतिया."

मग तो मेजवानीचा भाग आला. तेवाचं यानावरच्या कप्तानाशी लग्न लागतं आणि तिचा बाप एवढं अंतर तोडून येतो. ताट वाढेपर्यंत उशीर होतो, तिथला एकुलता सूर्य बुडतो. कप्तानाचा बाप, छातीवर पदकं लावलेला, स्वतःच्या हातानं वाढायला उभा राहतो आणि तेवाचा बाप म्हणतो, "आमचं झालं." त्यावर सगळी सभा तलवारी उपसते. मल्हार हे ऐकून पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. तुझ्या लग्नात, साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये तलवारी नव्हत्या एवढंच. वरात लांबली, पंगत बसली तोवर दिवे लागले. तुझे सासरे सुभेदारसाहेब फेटा सावरत, हातात जिलेबीचं ताट घेऊन आले. "पाव्हणं, दोन घास तरी घ्या." मी म्हणालो, "आमचं झालं." आपल्या घरात त्याचा अर्थ एवढाच की दिवस मावळला, आजचं खाणं संपलं. त्यांच्या कानी ते असं गेलं की तुमचं आमचं संपलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, तुझ्या सासूबाई, अंबूबाई, आत निघून गेल्या आणि तू माझ्याकडं बघितलंस. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. त्यानंतर तुझं शिरवळ काही ताऱ्यांइतकं लांब गेलं नाही, इस्लामपुरात एसटीत बसलं की दुपारपर्यंत पोचतं माणूस. पण गेलं कोण?

तू त्या भागात बापाला वाईट केलं नाहीस हे मी बघितलं. त्याच्या तोंडी दुसरं वाक्यही दिलं नाहीस. तो तसाच उभा राहतो आणि दार बंद होतं. बरोबर आहे. तसंच झालं होतं.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला तिकडं येतो. मागच्या मंगळवारचा भाग. फडातून परत आलो होतो, उन्हं उतरायच्या आत जेवण उरकायचं म्हणून तुझी आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी पाय पसरून बसलो आणि मोबाइल लावला. यान बर्फाच्या एका ग्रहापाशी थांबलेलं. तेवा तिथलं पाणी घेते, दुहेरी कापडातून गाळते. इथवर ठीक. मग कापड हातात घेऊन ती नुसती उभी राहते. यान सुटायची घंटा वाजते. ती कापडाची घडी घालते आणि एका गरम नळीवर वाळत टाकते.

मला राग आला. खरं सांगतो, लेकीनं चूक केली म्हणून आला. पाणी गाळणं हे अर्धंच काम. कापडात राहिलेले बारके जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, दुसऱ्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही. तेही वरून फेकायचे नाहीत. कापड उलटं करून तांब्यात खळबळायचं, बुडाला दुसरी दोरी बांधलेला तांब्या हळूहळू पाण्यापर्यंत उतरवायचा आणि खालून कलता करायचा, म्हणजे त्यांना पडल्याचा दणका बसत नाही. ही जिवाणी करायला मीच तुला शिकवलं. परकर खोचून तू काठावर उभी राहायचीस आणि दोरी सोडताना म्हणायचीस, "जावा आपापल्या घरी." कापड तसंच वाळू देणं म्हणजे त्यातला एकही जीव न वाचणं. मी म्हणालो, बघ, तुझी पोरगी इसरली. चार वर्षं बाहेर राहिली, तर एवढंही ध्यानात राहिलं न्हाई.

तुझ्या आईचा हात भाकरीवर थांबला. "आवं, इसरली न्हाई ती," म्हणाली. "परत लावा बघू." मी परत लावलं. मला पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं ते तेव्हा ऐकू आलं. कापड वाळत घालताना तेवा बोलते, अगदी हळू. "मी तुला कुठं सोडू? तुझं पाणी माझ्यापाशी नाही." एवढ्या जिवांना कुणी 'तुला' म्हणत नाही, प्राची. 'तुम्हाला' म्हणतात. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझी आई उठली नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "फाल्गुनात तिनं चिंचेचा गोळा मागितला हुता."

मला काही माहीत नव्हतं. तू तिला फोनवर जुन्या चिंचेचा गोळा मागितला होतास, आणि तुझी आई एवढी खूश झाली की गोळा बांधून ठेवला, पण मला बोलली नाही. सांगंल तवा सांगंल, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणी शिरवळला निघालंय का, याची चौकशी करत होती. पाडवा झाला आणि तुझा फोन आला, "आई, चिंच आता नको पाठवू." आवाज बसला होता. ताप होता म्हणालीस. तिनं तो गोळा फडताळात वरच्या फळीवर सरकवला. अजून तिथंच आहे. गेले सात-आठ महिने ती एकटीच ते जाणत होती, आणि तिकडं तू. मी मधे बसून म्हशीच्या पेंडीची चिंता करत होतो. मंगळवारी जेवण झालं नाही. सूर्य कधी बुडाला ते दोघांनाही कळलं नाही.

तू सांगितलं नाहीस म्हणून रुसलेलो नाही. कुणाला आणि कसं सांगणार होतीस? सासरी अंबूबाईंना सांगितलं असशील, त्यांनी केलंही असेल सगळं, बाई मनानं चांगली आहे. जयराजनं तुला जपलं असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण काही गोष्टी ज्या पाण्यातल्या त्याच पाण्यात सोडायच्या असतात. तुला ते पाणी सापडलं नाही, म्हणून तू तेवाला कापड वाळत घालायला लावलंस. लाखो लोकांनी तो भाग ऐकला असेल. मल्हार म्हणाला, "ह्या येळंला काय लढाई न्हाई आप्पा, नुसतं कापड वाळत घातलं." मी म्हणालो, "व्हय."

बुधवारी पहाटे नेहमीसारखा बस्तीत गेलो. ओलेत्यानं पाणी काढलं, गाळलं, अभिषेकाची घागर भरून दिली. कापड उलटं करून तांब्यात खळबळलं आणि दोरी सोडायला लागलो. गुडघ्यामुळं हल्ली काठावर फार वाकवत नाही. तांब्या पाण्याला टेकला तेव्हा तुझी आठवण झाली आणि दुसरी दोरी ओढायचं राहूनच गेलं. तसाच धरून उभा राहिलो. जे लेकरू आलं आणि राहिलं नाही, त्याचं नाव मला माहीत नाही. तूही ठेवलं नसशील. उपाध्ये आतून म्हणाले, "काय रं, तांब्या अडकला का?" मी नाही म्हणालो, दोरी ओढली. तांब्या कलला. मग तू म्हणायचीस ते वाक्य मी तुझ्यासाठी म्हटलं. शास्त्रात असं काही नाही, हे मला ठाऊक आहे. उपाध्यांना मी ते विचारलंही नाही.

तुमच्या कंपनीनं आता ऐकणाऱ्यांना विचारलंय की तेवाचा बाप परत यावा का. मल्हारनं दाखवलं. लोक भांडतायत. कुणी म्हणतं त्याला लढाईत मारा, कुणी म्हणतं तिनंच त्याला हाकलून द्यावं. मला तिथं लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. त्यापेक्षा तुला लिहितो. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं मी आणि तुझी आई शिरवळला येतोय. तोड चालू असली तरी एक दिवस मल्हार बघेल. सोबत बस्तीतल्या विहिरीचं पाणी आणतो, न गाळता. तू गाळ. मग ओलं कापड घेऊन आमच्याबरोबर गावी चल, नाहीतर तुला जमेल तेव्हा ये. काठावर मी उभा राहीन, दोरी तू सोड. सुभेदारसाहेबांना आणि अंबूबाईंनाही त्या दिवशी बोलावून घे. त्यांना सांग, पाव्हणे उन्हाचे पोचतील, पंगत दुपारी बारालाच बसव. सुभेदारांनी आपल्या हातानं वाढावं, मी पोटभर जेवणार आहे. गोष्टीतल्या बापाचं काय करायचं ते तू आणि तुझी कंपनी ठरवा. इथला निघालाय.

तुझाच,
आप्पा