चंदावल

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी बहारीनमध्ये, अरादच्या फ्लॅटवर, दुसऱ्यांनी दिलेल्या चार कुकरांशेजारी बसून हे लिहितोय. आमचं इथलं ऑफिस बंद होतंय. कायमचा गावी निघालेला माणूस आपलं स्वयंपाकघर मागे राहणाऱ्याला देऊन जातो, तशी इथली पद्धत आहे. सगळ्यांच्या मागे राहणारा मी.

कुकर बघून तुमचा ओटा आठवला. धड्यातली युरोपातली ती माघार मला इतिहासाच्या वर्गात कळली नव्हती, म्हणून तुम्ही घरी बोलावलंत. लाटणं म्हणजे नदी, उलथनं म्हणजे पूल, वाटाणे म्हणजे फौज. ठासणीच्या बंदुका, कडाक्याची थंडी, पाठीवर शत्रू. वाटाणे पलीकडे जातात, मूठभर अलीकडे उरतात. "ही चंदावल. बाकीचे पार होईपर्यंत यांनी पूल धरायचा. का थांबले हे?" मी म्हणतो, "शूर होते, सर." तुम्ही चिडता. "शूर म्हटलं की तू सुटलास! त्या दिवशी त्यांच्या पलटणीची पाळी होती. त्यांना घरी जायचं नव्हतं का?" मागून काकू म्हणतात, "लढाई आटपली असेल तर फौज भिजत घालते. उद्या उसळ आहे."

इथे पाळी माझी नव्हतीच. शेवटची आवराआवर करायला रत्नागिरीचा माझा सहकारी थांबणार, असं ठरलं होतं. मीटिंगमध्ये मी हात वर केला. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, असं सांगितलं. काल कार्टनला दोरी आवळताना तो म्हणाला, "तू आहेस म्हणून मी चाललो रे. शेर आहेस, शेर! यल्ला, मागून लवकर ये." बायको आणि लेक आधीच गावी गेल्या आहेत. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, यू सेड जून." बायको तिला समजावत होती, "अगं, त्यांना थांबवलंय. ते तरी काय करणार?" मी जेवणाचं विचारलं.

सर, ते लग्न मला हात वर केल्यावर आठवलं. गावी गेल्यावर सकाळी आंघोळ करून कुठे निघायचं, हे मला माहीत नाही. या वयात नोकरी कोण देणार? इथे निदान रोज उघडायला एक कुलूप आहे. त्या पुलावरही असा एखादा असेल का, ज्याला पलीकडे जायचीच भीती वाटत होती? तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर तेवढंच आहे: मला घरी जायचं नव्हतं.

हे खरं तर बायकोला सांगायला हवं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही चिडलात तरी आता मला ऐकू येणार नाही.