विहिरीतल्या कासवाचा फोटो

चि. सौ. जगदेवीस, थोरल्या बहिणीचे शरणू आणि आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तू नुसतं ‘हाव हाव’ म्हणतेस, म्हणून लिहिते. उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकात पेढे वाटून झाले (जिल्हा अजून झालेला नाही). टँकर मनात येईल तेव्हा येतो. बाकी ठीक.

पत्राला कारण तुझा रेवणप्पा. पुण्याहून आला, पाया पडला आणि चहा पिता पिता सांगत बसला, की मालवणच्या समुद्रात बुडी मारून तो फोटो काढतो. तिथे शिस्त फार. कशाला हात लावायचा नाही, तळ ढवळायचा नाही, जिवाच्या मागे लागायचं नाही. मला बरं वाटलं, मुलगा मार्गी लागला. म्हणून त्याने आपल्या विहिरीतल्या कासवाचा फोटो मागितला तेव्हा मी हो म्हटलं. (हे कासव तुझ्या दाजींनी विष्णुपुरी धरणावरून बादलीत घालून एस.टी.ने आणलेलं. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत होता. दाजी गेल्यापासून पाणी शेंदताना मी त्याच्याशीच दोन शब्द बोलते.)

आता सगळी गल्ली याच विहिरीवर आहे आणि पाणी उरलंय दोन पुरुष खोल. तेवढ्यात उतरायला त्याने पाठीला सिलिंडर बांधला. पाणी शेंदायला आलेला शेषेराव म्हणाला, “मालक, शेगडी कुठं ठेवलाव?” कासव कपारीत शिरलं. शेजारची मल्लम्मा म्हणाली, फोटो काढायचा तर असा उघडाबोडका काढता का? देवळातल्या कासवाला भस्म लागतं, मग ह्याला नको? टोपलीत घालून त्याला वर काढलं, पाठीवर भस्माचे पट्टे ओढले. रेवणप्पाने नको म्हणायचं, तर हा म्हणतो, “अज्जी, पट्टे जरा ठळक लावा.” पाण्यात सोडलं की भस्म धुऊन जाई, की पुन्हा वर. शेवटी कासव खाली पळालं आणि हा पायातले बदकाचे रबरी पंजे झाडत त्याच्या मागे. सगळा गाळ वर आला. संध्याकाळी बाया घागरी घेऊन आल्या, तर पाणी काकवीसारखं.

मी त्याला विचारलं, समुद्रातल्या जिवाला एवढे नियम, आमच्याला का नाहीत? म्हणाला, “मावशी, ते समुद्राचे आहेत.”

माझं टँकरचं पिंप मी गल्लीला वाटून दिलं. त्याचं काही नाही. पण तेव्हापासून कासव दिसलं नाही. घरातून पुन्हा कुणी गेल्यासारखं झालंय. त्याला सांग, या विहिरीत यापुढे कुणी तोंडसुद्धा घालायचं नाही. फोटोही मला नको.

तुझी,
उमा

ता. क. पोस्टमन सुट्टीवर होता, म्हणून पत्र राहिलं. गाळ बसला. कासव आज वर आलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण आलं.

आणखी ता. क. रेवणप्पाचा पाण्यात बघायचा चष्मा इथे राहिलाय. त्याने विचारलं तर सापडत नाही म्हण. विहिरीच्या खालच्या पायरीवर बसून तोंड पाण्यात धरलं की कासव कपारीत बसलेलं स्वच्छ दिसतं. मी हात लावत नाही, हलतही नाही. पण मल्लम्मा मागून “अक्का, आता मला” म्हणून पदर ओढते आणि ते दचकतं. तेवढा अजून एक चष्मा त्याच्याकडून मागवून दे.